स्टेशनाकडची चोरवाट राजरोस कशी होते

आमच्या कॉलनीच्या बागेला मागच्या अंगाने लोखंडी जाळी आहे आणि त्या जाळीचे दोन गज वाकलेले आहेत. कुणी वाकवले ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे विचारलं तर कुणालाच ठाऊक नाही. सरळ केले की पंधरा दिवसांत पुन्हा वाकतात. बागेच्या पलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे रेल्वे स्टेशन, एवढंच त्याचं कारण. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरी कुणी अपडाऊन करतं, त्यांना सकाळच्या गाडीआधीची तीन मिनिटं म्हणजे काय ते सांगायला नको. बागेला वळसा घातला तर गाडी जाते, गजांतून वाकून गेलं तर मिळते. शेजारचे नाना बावीस वर्षं पास काढून जात होते. आता रिटायर झालेत, तरी सकाळी फिरायला त्याच फटीतून जातात.

बागेतून स्टेशनला जाणारी वाट सुधारायची म्हटलं की बहुतेकांना पेव्हर ब्लॉक, कमान आणि कमानीवरचा नामफलक दिसायला लागतो. प्रत्यक्षात या कामात भूमिती आहे, माती आहे, झाडांची मुळं आहेत, मे महिन्यातला सूर्य आहे, बागेचं कुलूप आहे आणि शेवटी रेल्वेची भिंत आहे. आपल्या खानदेशात मेट्रो नाही, लोकल नाही. इथे स्टेशन म्हणजे भुसावळ-सुरत, भुसावळ-चाळीसगाव अशा एखाद्या मार्गावरचं, नाहीतर धुळ्यासारखं फाट्याच्या शेवटाचं रेल्वे स्टेशन. एसटी स्टँडलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

तिरकी रेघ

बाग ३०० मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब आहे असं धरू. एका कोपऱ्यावर घर, समोरच्या कोपऱ्यावर स्टेशन. कडेकडेने गेलं तर ७०० मीटर, तिरकं गेलं तर ५००. शाळेतला पायथागोरस तो हाच. माणूस साधारण मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे अडीच मिनिटं वाचली. जाऊन-येऊन रोजचे ४०० मीटर आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर १०० किलोमीटर होतात. जळगावहून निघून धुळ्याच्याही थोडं पुढे पायी जाण्याइतकं हे अंतर. ते कुणी फुकट चालावं अशी अपेक्षा असेल तर गज वाकणारच.

नगररचनेत स्टेशनभोवती वर्तुळं काढतात. पाच मिनिटांचं ४०० मीटरचं, दहा मिनिटांचं ८०० मीटरचं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहतूक-केंद्रित विकासाच्या, म्हणजे स्थानकांभोवती वस्ती आणि कामाच्या जागा आणण्याच्या, धोरणातही स्थानकाचा प्रभाव ५०० ते ८०० मीटरपर्यंत धरला आहे. कंपास फिरवून काढलेलं वर्तुळ कागदावर छान दिसतं, पण माणूस भिंतीतून जात नाही. स्टेशनापासून ५०० मीटरवरचं घर, मधल्या जाळीमुळे आणि एकाच गेटमुळे, चालायला हजार-बाराशे मीटर पडू शकतं. अशा ठिकाणी योग्य जागी एक फट पाडली की एक इंचही रस्ता न बांधता पन्नास-शंभर घरं दहा मिनिटांच्या आत येतात. या सगळ्या विषयातली सर्वांत स्वस्त सुधारणा हीच. उद्घाटनाला मात्र तिच्यात काही नसतं, म्हणून ती सर्वांत कमी वेळा होते.

तेव्हा आराखडा काढण्याआधी बाग बघायची. गवत कुठे मेलं आहे, माती कुठे गुळगुळीत झाली आहे, पहिल्या पावसानंतर चिखलात पावलं कुठे उमटली आहेत. पायवाट म्हणजे लोकांनी पायांनी लिहिलेला अर्ज असतो. त्यावर तारीख-सही नसते, पण कुठून कुठे जायचं ते त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. मग मोजणी. सकाळच्या गाडीआधीचा अर्धा तास आणि संध्याकाळची गाडी आल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं, एवढा वेळ वाटेवर उभं राहून रेघा ओढायच्या. पुरुष किती, बाया किती, म्हातारे किती, हातात पिशव्या-बॅगा किती.

या मोजणीत एक खोट आहे. वाटेवर आलेला माणूस मोजला जातो, न आलेला मोजला जात नाही. अंधार पडल्यावर जी ताई बागेतून यायला घाबरते, ती तुमच्या वहीत कधीच दिसणार नाही आणि मग कुणीतरी म्हणेल, बाया इथून जातच नाहीत. त्यासाठी दुसरा माणूस वळशाच्या रस्त्यावर उभा करायचा. सकाळी बागेतून गेलेल्या बाया रात्री वळशाने घरी येत असतील, तर वाट छोटी असूनही तिच्यात काहीतरी चुकतं आहे. हा एक आकडा अख्ख्या सर्वेक्षणापेक्षा कामाचा.

नवी वाट लोकांनी पाडलेल्या रेघेवरच घ्यावी. शोभेसाठी नागमोडी केली तर तिच्या शेजारी सरळ पायवाट पडते आणि नागमोडीवर मुलं सायकली खेळतात. काटकोनाचा कोपरा कुणी पाळत नाही, आतल्या बाजूचं गवत मरतंच. कोपरा आधीच तिरपा काढून ठेवला की भांडण मिटतं.

कापसाची माती

तापी, गिरणा, पांझरेच्या काठची काळी माती केळी-कापसाला सोनं, पण वाटेला वैरीण. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे शिकवायची गरज नाही. त्याच मातीवर वरचेवर वाळू टाकून ब्लॉक बसवले की पहिल्या वर्षी फोटो चांगले येतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाट लाटांसारखी वरखाली होते, ब्लॉक डुगडुगतात, पाय ठेवला की खालून चिखलाची पिचकारी उडते. आपण ठेकेदाराला शिव्या देतो, ‘सिमेंट खाल्लं.’ कधीकधी खाल्लेलं असतंही. पण बऱ्याचदा दोष वर नसतो, खालच्या पायाभरणीत असतो.

उपाय जुनाच आहे. काळी माती फूट-दीड फूट काढायची, त्या जागी चांगला कडक मुरूम वीत-वीतभर थरांनी भरायचा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून एकदाच रोलर फिरवला तर वरचे चार बोटं दबतात आणि खाली भुसभुशीत राहतं. ब्लॉक असतील तर दोन्ही कडांना पट्टी हवी, नाहीतर ते बाहेर सरकत जातात. नुसत्या पायी वाटेला ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक पुरतात. त्यावरून टँकर किंवा कचऱ्याची गाडी जाणार असेल तर हिशेब बदलतो, आणि ती जातेच, म्हणून आधी विचारून घ्यावं.

पाण्याचं गणितही सोपं आहे. वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच हवी आणि तिला एका बाजूला हलका उतार हवा, पन्नासास एक. दोन मीटर रुंदीला चार सेंटीमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला कळतो. जिथे बागेतलं पाणी वाट ओलांडतं तिथे खालून पाइप टाकायचा. दोन्ही कडांच्या पट्ट्या वाटेपेक्षा उंच ठेवायच्या नाहीत, नाहीतर पहिल्या वळवाच्या सरीत वाटेचा पाट होतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. नवी कोरी वाट घोटाभर पाण्याखाली आणि लोक शेजारच्या जुन्या चिखलातून चाललेले, कारण ती जागा उंच होती.

पृष्ठभाग कोणता, यावर लोक फार भांडतात. माझं मत विचाराल तर तो दुय्यम प्रश्न आहे. नीट दाबलेला मुरूम स्वस्त आणि पायाला गार, पण पावसात धुपतो आणि व्हीलचेअरची चाकं त्यात रुततात. काँक्रीट टिकतं, पण तापतं आणि खालची केबल दुरुस्त करायला फोडलं की कायमचं ठिगळ. ब्लॉक उचलून परत बसवता येतात, तोच त्यांचा खरा गुण. चकचकीत फरश्या फक्त नकोत, पावसात त्यावरून सगळे सारखेच आपटतात.

मुळं, सावली आणि २५ मे

इथे एक पेच आहे. माती म्हणते दीड फूट खणा, झाड म्हणतं खणू नका. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात. बुंध्याजवळून चर खणला की झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी एका बाजूने वाळतं आणि वादळात पडतं. तेव्हा तो चर कुणाला आठवत नसतो. म्हणून वाट बुंध्यापासून लांबून वळवावी. तेवढी जागाच नसेल तर त्या टापूत खणायचं नाही. जमिनीवरच जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड अंथरून त्यावर मुरूम आणि सुटे ब्लॉक बसवायचे. थोडी वरखाली होईल, पाच वर्षांनी उचलून सारखी करावी लागेल, ते मान्य करून टाकायचं. बुंध्याला गळ्यापर्यंत ब्लॉक लावणं हा वेगळाच गुन्हा आहे, निदान मीटरभर माती उघडी हवी. झाड तोडायचंच म्हटलं तर महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे आणि वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आता सावली. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत सावली नसलेली ५०० मीटरची वाट ही वाटच नव्हे. लोक रिक्षा करतात, जमत नसेल तर डोक्यावर ओला रुमाल टाकून पळतात. सावलीसाठी ‘वाटेच्या पश्चिमेला झाडं लावा’ असा सल्ला देतात. दुपारी चारला तो बरोबर आहे, सूर्य कलतो आणि सावली पूर्वेला वाटेवर पडते. पण आपला जिल्हा साधारण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या शेवटी, २५ तारखेच्या आसपास, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस तो हाच. त्या वेळी शेजारच्या झाडाची सावली झाडाच्याच पायात पडते. वाटेवर सावली हवी तर फांद्या वाटेवर यायला हव्यात, म्हणजे झाड कडेपासून फार लांब लावून चालत नाही. आणि खाली डोक्याला लागू नयेत म्हणून सात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळं ठेवावं लागतं.

कोणतं झाड, यात तर हौसेने फसगत होते. बहावा मे महिन्यात पिवळा धम्मक फुलतो, फोटोला उत्तम, पण त्या वेळी अंगावर पान नसतं. गुलमोहराची फांदी वळवाच्या वाऱ्यात मोडते. कडुनिंब शिशिरात पानं टाकतो आणि चैत्रात पुन्हा भरगच्च होतो. करंज तर ऐन उन्हाळ्यात कोवळ्या पोपटी पानांनी झाकलेला असतो. मला विचाराल तर वाटेला हे दोघे. उंबर बागेच्या मधे असावा, पक्ष्यांना आणि पोरांना, पण वाटेवर नको, पिकलेली फळं पडून पाय घसरतो. रोपं लावून पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. ठिबकसाठी देशभर नाव झालेल्या मुलखात बागेतली रोपं पाण्याविना जळतात, याला काय म्हणावं.

तीन फुटांचा पेच

वाट सरळ आणि गुळगुळीत झाली की सगळ्यांत आधी तिच्यावर मोटारसायकल येते. मग तोंडाशी खांब रोवतात. आता मापं बघा. व्हीलचेअर किंवा लहान मुलांची गाडी जायला साधारण तीन फूट जागा लागते. साध्या शंभर सीसीच्या मोटारसायकलचं हँडल अडीच फुटांच्या आत. म्हणजे व्हीलचेअर जाईल त्या फटीतून मोटारसायकल जाणारच. फिरकीचं गेट लावलं तर मोटारसायकल थांबते, पण सोबत व्हीलचेअर, कुबड्यावाले, बाबागाडी आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली बाईही थांबते. ज्याला अडवायचं तो थांबतो आणि ज्याच्यासाठी वाट केली तोही.

याला खात्रीचं उत्तर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक जागेतून व्हीलचेअर अडवायची सोय उरली नाही, आणि उरायलाही नको. तेव्हा खांबांनी रिक्षा आणि चारचाकी थांबवायची आणि मोटारसायकलला दुसरीकडून कमी त्रासाची वाट द्यायची. बागेबाहेर स्टेशनच्या अंगाला दुचाकी लावायला जागा असेल तर आतून घालायचं कारण कमी होतं. वाट गजबजलेली असली की चालवणाऱ्यालाही लाज वाटते. काहींना वाटत नाही, त्यांच्यासाठी चौकीदार.

उताराचंही असंच माप आहे. वाट संपते तिथे अर्ध्या फुटाची पायरी असेल तर रॅम्प बारास एक हवा, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबी. जागा नाही म्हणून हातभर लांबीचा रॅम्प ओततात, तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. रुंदीबद्दल रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचना निदान १.८ मीटर मोकळी जागा धरतात, साधारण सहा फूट. मोकळी, म्हणजे मधे बाक, विजेचा खांब आणि पाणीपुरीची गाडी सोडून.

कुलूप आणि दिवा

बाग पहाटे पाचला उघडते, रात्री नऊला बंद होते. मधेही दुपारी कुलूप. गाड्यांना हे वेळापत्रक कुणी कळवलेलं नसतं. रात्रीची साडेदहाची गाडी उशिराने सव्वाअकराला येते आणि उतरलेला माणूस कुलपापुढे उभा राहतो. बागेला कुलूप हवं असेल तर वाट बागेच्या आत ठेवूच नये. जाळी दहा फूट आत सरकवायची, वाट जाळीबाहेर, बाग जाळीआत. झाडांची सावली दोघांना, कुलूप एकीलाच. जागा तीच, जाळीही तीच, फक्त तिची रेघ बदलली.

दिव्यांत चूक होते ती उजेड कमी पडण्याची नाही, उजेड ठिपक्या-ठिपक्यांनी पडण्याची. एका जागी लख्ख आणि पुढचे वीस मीटर काळोख असला तर डोळे दिपतात आणि काळोख आणखी गडद वाटतो. मधोमध उभारलेला उंच मनोरा झाडांच्या डोक्यावर उजेड पाडतो आणि खाली सावल्या. त्यापेक्षा फांद्यांच्या खाली, दहा-बारा फुटांवर, जवळजवळ लावलेले मंद पिवळसर दिवे बरे, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता येतो. वाटेच्या दोन्ही बाजूंची घाणेरी आणि वेडी बाभूळ काढायची, झुडूप ठेवायचं तर गुडघ्याएवढं. आणि कोपऱ्यावर चहाची टपरी असेल तर तिला हुसकावून लावू नये. रात्री अकराला ती टपरी चार दिव्यांचं काम करते.

शेवटची शंभर पावलं

वाट कितीही छान केली, तरी माणूस निर्णय घेतो तो सर्वांत वाईट जागा बघून. आणि ती जागा जवळजवळ नेहमी टोकाला असते, जिथे बाग संपून रस्ता लागतो आणि रस्ता संपून रेल्वे लागते. रस्त्यावर तेवढ्या ठिकाणी वाटेच्या उंचीचाच रुंद चौथरा करून त्यावरून ओलांडता आलं पाहिजे, म्हणजे गाडीला चढावं लागतं, माणसाला उतरावं लागत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाचांत जवळपास एक.

पुढे रेल्वेची भिंत, आणि तिलाही बहुधा एक भगदाड. रूळ ओलांडून प्लॅटफॉर्मवर चढणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा बागेतली वाट सुधारताना ती भगदाडाकडे नेता येत नाही, आणि भगदाडाकडे नेली नाही तर लोक ती सोडून जुन्याच वाटेने जातात. इथे एकच रस्ता उरतो. त्या बाजूला स्टेशनचं दुसरं दार आणि तिथून पादचारी पूल. स्टेशनं सुधारण्याच्या रेल्वेच्या अमृत भारत स्टेशन योजनेच्या उद्दिष्टांतच स्टेशन गावाच्या दोन्ही बाजूंना जोडण्याची गोष्ट आहे. खानदेशातल्या धुळे आणि सावदा या स्टेशनांचं या योजनेतलं उद्घाटन २२ मे २०२५ रोजी झालं. मागणी करताना या उद्दिष्टावर बोट ठेवता येतं.

अडचण ही की जाळीपर्यंतची जागा एकाची, रस्ता दुसऱ्याचा, भिंतीपलीकडची तिसऱ्याची. कॉलनीचा ओपन स्पेस, म्हणजे बागेसारखी मोकळी जागा, प्लॉटचा लेआउट मंजूर करताना सोडलेला असतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत एकरभर आणि त्याहून मोठ्या लेआउटला तो दहा टक्के आहे. तो आता कुणाच्या नावावर आहे हे उताऱ्यावर आधी बघावं. रस्ता पालिकेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तेही विचारावं. तिन्ही ठिकाणी एकच अर्ज द्यावा, तिन्ही प्रतींवर इतर दोघांची नावं लिहून, म्हणजे ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर निदान लेखी तरी मिळतं. सोबत मोजणीचा कागद, हाताने काढलेला नकाशा, सकाळच्या गाडीच्या वेळचे दोन फोटो. आणि पहिल्या अर्जात एकच गोष्ट मागावी. सगळी बाग मागितली तर ती पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जाते. चार फुटांची एक फट मागितली तर वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून जातो.

आम्ही तेवढीच मागितली आहे. परवा जाळीचे गज पुन्हा सरळ केलेले दिसले, वर एक आडवी पट्टीही मारली होती. मी नानांना म्हटलं, झालं आता, वळसा घाला. नाना पट्टी हलवून बघत होते. म्हणाले, “चार दिन थांब भो.”